डाव्या कुशीवरचा तास

मार्गशीर्षात कापूस असा फुटला होता, की बांधावर उभं राहून बघणाऱ्याने देवाला हात जोडावेत. पण फुटलेल्या बोंडाला हात जोडून भागत नाही, हात लावावे लागतात. आणि हातच गावात उरले नव्हते. निम्म्या बाया नवऱ्यांच्या मागे सुरतेकडे गेलेल्या. उरल्या त्यांना सतरा वावरांतून बोलावणी. त्यात दिवसाआड आभाळ काळवंडायचं. एक चांगली सर आली असती तर झाडावरचा सगळा माल पिवळा पडून मातीत लोळला असता.

कुंदाबाईच्या घरात म्हणायला माणसं चार. नवऱ्याने, निंबाआबांनी, सप्ताहात वीणेचे पहारे धरलेले. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे आबा एक तर मंडपात उभे, नाहीतर घरी येऊन आडवे. पोरगा हितेंद्र धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, हंगामाची ड्युटी, अंधार पडल्यावर घरी. सून मयुरी पोटुशी, आठवा सरून नववा लागलेला. म्हणजे वावरात वाकायला एकटी कुंदाबाई आणि तिचे ते दोन गुडघे, जे बसताना एक आवाज करायचे आणि उठताना दुसरा.

"देवा, तुन्हं नाव ल्हेवाले तोंड रिकामं शे," ती सकाळी तुळशीला पाणी घालताना म्हणायची. "हात तेवढा दुसरा दोन दे."

देवाने हात दिले नाहीत. सोमवारी सिस्टर मात्र पाठवली.

कोकिळा सिस्टर उपकेंद्राची. चाळिशीची बाई, कपाळावर बुक्क्याचा टिळा, खांद्याला पिशवी, पायांत पुरुषी चपला. सप्ताहातलं एक कीर्तन चुकवायची नाही. टाळ्या वाजवताना डोळे मिटायची. पण उपकेंद्राच्या उंबऱ्याच्या आत आली की निराळीच. तिथे तिला गोड बोललेलं चालत नसे.

त्या दिवशी घरी येऊन तिने तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले, मग मयुरीच्या पोटावर ठेवले. बोटांनी बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते चाचपलं. टेप लावली. पुन्हा लावली. पायाच्या नळीवर अंगठा दाबून धरला. काढला तर तिथे खळगा राहिला. दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि तोंड एवढंसं केलं.

"आठवडे चौतीस झाले आणि पोट तिसाचं दिसतं. बीपी पण वर आहे. अंगठ्या घट्ट होतात का गं?"

मयुरीने मान हलवली. अंगठी तिने आठ दिवसांपूर्वीच साबण लावून काढली होती.

मग सिस्टरने ते मुठीएवढं यंत्र काढलं, पोटावर थंडगार चिकट जेल लावलं आणि टोक फिरवत राहिली. खरखर, खरखर, आणि एकदम उतारावरून घोडं सुटावं तसा आवाज. कुंदाबाईने पदर डोक्यावर घेतला. हा आवाज ऐकला की तिचे हात आपोआप जुळायचे.

"एकशे चव्वेचाळीस. चांगले आहेत ठोके."

"मंग चांगला शेत तं झालं की," कुंदाबाई म्हणाली.

"नाही झालं. गुरुवारी जळगावला सोनोग्राफी. रक्त कसं पोचतं बाळाला, ते बघणारी."

"आते अजून? वं माय! तिसरा महिनापासून चालूच शे. रक्त दिधं, लघवी दिधी, ते साखरनं पाणी पिवाडं, ती बिचारी भडभड वकनी, मंग दुसरा दिन पुन्हा पिवाडं. आम्हना वखतले कोणी काय मोजं व्हतं का?"

"तुमच्या वेळी किती जगायची, तेही कोणी मोजलं नव्हतं, मावशी."

हितेंद्रच्या आधी कुंदाबाईचं एक गेलं होतं. त्याला नावही नव्हतं, म्हणून आठवायलाही काही नव्हतं.

सिस्टरने वहीचं पान फाडलं आणि पट्टीने घरं पाडली. आडवे वार, उभे तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ. "आता नीट ऐका. बाळाला आईकडून पुरवठा कमी पडायला लागला, की ते आधी हालचाल कमी करतं. ताकद राखतं. ठोके मंदावतात ते नंतर. म्हणजे पहिली खूण हालचालीची. तीन वेळा जेवण झालं की हिने एक तास डाव्या कुशीवर पडायचं, हात पोटावर. हललं की एक काडी. तासात तीन तरी झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर मला फोन. तेव्हाच. उद्या नाही, आरती झाल्यावर नाही. तेव्हाच."

आणि पान मयुरीला न देता तिने कुंदाबाईच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे. ही लाजरी आहे, कुणी हाक मारली की उठते. तुम्ही राखण बसायचं."

कुंदाबाईने पान घडी करून चोळीत ठेवलं. राखणदारीचा मान कुणाला नको असतो?

त्या दिवशी तिने तो खरंच पाळला. दुपारी सून डाव्या कुशीवर निजली आणि सासू उशाशी वाती वळत बसली. एक हात वातीवर, एक पोटावर. काही वेळ काहीच नाही. मग तळहाताखाली टाचेने ढोसल्यासारखं झालं.

"हाई एक!" कुंदाबाई ओरडली.

"आई, हळू ना. बाहेर ऐकू जास."

"जाऊ दे! मन्हा नातू शे, चोरी नही."

"नात बी व्हई सकस."

"मंग मन्ही नात लाथा मारस. त्यातबी काय वाईट शे?"

दोघी हसल्या. हसण्याने पोट हललं, ते बाळ हललं की हसू हललं यावर वाद झाला, आणि कुंदाबाईने ती काडी मारली नाही. तासाच्या शेवटी पाच काड्या झाल्या. पाचही खऱ्या.

माणूस पहिल्या दिवशी खोटं वागतच नाही. तो दुसऱ्या दिवशी दमलेला असतो.

मंगळवारी दोन बाया यायच्या होत्या, एकही आली नाही. कुंदाबाईने वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि एकटीच सरीत शिरली. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचत, दुपारपर्यंत अंगठे रक्ताळले. शेजारच्या वावरात वच्छलाबाई आणि तिच्या दोन सुना वेचत होत्या. वच्छलाबाईला कुणाचं दुखणं दिसलं की जीभ वळवळायची.

"काय वं कुंदाक्का, एकटीच? सून कथी शे?"

"घर शे. सिस्टरनी झोपाले सांगं."

"झोपाले? दिनमा?"

"डावी कुशीवर. एक तास. तीन टाइम."

वच्छलाबाई कमरेवर हात देऊन सरळ झाली, म्हणजे सुनांनाही ऐकू जावं. "ऐकी लिया का पोरीस्वन? सून झोपीसनी लाथा मोजस, अन सासू वाकीसनी कापूस वेचस! आपला नशीबले अशी सिस्टर का भेटनी नही, माय?"

सुना फिदीफिदी हसल्या. कुंदाबाईने मान वर केली नाही. ओटी भरून गुडघ्यावर आपटत होती आणि दुपारच्या तासाची वेळ टळून गेली होती. घरी पोचली तेव्हा मयुरी चुलीपुढे भाकरी थापत होती.

"पडली व्हतीस का?"

"थोडी पडनू. मंग आबा उनात, त्यास्ले चहा जोयजे व्हता."

"हालनं का?"

"हालनं असं वाटस. दोन येळा. नही तं तीन."

कुंदाबाईने चोळीतून पान काढलं. घामाने ओलं झालेलं. दुपारच्या घरात तिने चार काड्या मारल्या. कालच्यापेक्षा एक कमी मारली, म्हणजे खऱ्यासारखं दिसावं. हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला, पण खोडायला रबर नव्हतं. मग हात धुऊन ती संध्याकाळच्या प्रवचनाला गेली. सुनेलाही नेलं, मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

त्या संध्याकाळी जीवराम महाराजांनी आख्यान लावलं ते आईच्या पोटात असतानाच नाम ऐकलेल्या भक्ताचं. बाप देवाचा वैरी, आई ऋषीच्या आश्रमात, आणि ऋषी सांगतो आईला, पण ऐकतंय कोण? तर पोटातलं! आई डुलकी घेते, पोटातलं जागं! महाराजांचा आवाज उसाच्या रसासारखा. कुंदाबाईच्या अंगावर शहारे आले, दिवसभराची नखं विसरली, गुडघे विसरली. मंडपातून परतताना मयुरी हळूच म्हणाली, "आई, महाराज बोलत व्हतात तवढा वखत पोटमा काहीच हालनं नही."

कुंदाबाई रस्त्यात थांबली. तिने सुनेच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं कानशिलांवर मोडली.

"ऐकत व्हतं ते! येडी, ऐकत व्हतं!"

हे खोटं नव्हतं. ती मनापासून बोलली होती, आणि देव मनाचा भुकेला असतो हे तिने हजार वेळा ऐकलं होतं. पण पोटातल्या जिवाची भूक निराळी असते, हे कोणी कीर्तनात सांगितलं नव्हतं. सिस्टरने सांगितलं होतं. ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. संध्याकाळच्या घरात तिने चार काड्या मारल्या. भक्तीच्या मानाने कमीच.

बुधवारी सिस्टर वावरात आली. बांधावरून चालत, साडीला कुसळं लागलेली. "कागद दाखवा."

कुंदाबाईने ओटीखालून पान काढलं. सिस्टरने बोट ठेवून वाचलं. "पाच, चार, चार... आज सकाळी चार. अरे वा. शाब्बास मावशी! गावात सात जणींना दिलाय हा कागद, एकीनेही असा भरला नाही."

कुंदाबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वच्छलाबाई पलीकडून बघत होती. आत्ता बोलावं, असं एकदा वाटलं. पण चारचौघींत सिस्टरने शाब्बास म्हटलेलं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि पोटात तर देवाच्या कृपेने सगळं ठीकच होतं.

"सिस्टर, गुरवारनं ते जळगावनं... सोमवारले गयं तं चाली का? उद्या आम्हना घर महाराजस्नं जेवण शे. शनवारले काला. वावरमा देखा ना, कसं लदबदी ऱ्हायनं."

सिस्टर वैतागली. फोन काढला, कोणाशी बोलली, पुन्हा पानाकडे पाहिलं. "खरं म्हणजे मला हे पटत नाही. बीपी वर आहे तिचं. पण हालचाल चांगली आहे... बघा, बीपीच्या गोळ्या वेळेवर द्या. सोमवारी म्हणजे सोमवारी. आणि एक जरी तास कमी भरला तर?"

"तं तवढामाच फोन."

"तेव्हाच."

"हा, तेव्हाच, माय. तेव्हाच."

गुरुवारी महाराज जेवून गेले. कुंदाबाईने सुनेला पाया पडायला आणलं, वाकता येईना म्हणून लांबूनच हात जोडायला लावले. "महाराज, हिना पोटमधलं बाळ तुम्हनं आख्यान चालू ऱ्हास तवढा वखत हालतच नही, इतलं ध्यान दिसन ऐकस." महाराज भले माणूस. त्यांचे डोळे पाणावले. "पुण्यवान जीव आहे, माय," म्हणाले आणि गळ्यातली माळ मयुरीला दिली. त्यांना तरी काय ठाऊक? त्यांनी पोथी वाचली होती, पोट नव्हतं वाचलं.

शुक्रवारी मयुरी दिवसभर निजून राहिली. डोकं दुखतंय म्हणाली. "आई, आज फार कमी हालस," असं दोनदा म्हणाली. कुंदाबाई ओटी सोडत असायची नाहीतर बांधत असायची. वैतागून म्हणाली, "हालस का नही हालस, तूच ठरव ना एकदाव! मी काय पोटमा जाईसन देखू?" आणि बोललेलं मागे घेता येत नाही म्हणून तिने सुनेला गूळ घालून दूध दिलं. काड्या मारल्या. झोपताना शनिवारच्याही मारून टाकल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ. काल्याच्या गडबडीत कोण मारत बसेल?

शनिवारी काल्याच्या तयारीत उशीर झाला, तरी नऊनंतर ती म्हशीपुढे बादली घेऊन गेली. म्हैस आठ महिन्यांची गाभण. त्या घरात पिढ्यान्पिढ्या एक रीत होती: सकाळी अनशा पोटी म्हशीला हौदाचं गार पाणी पाजायचं आणि उजव्या कुशीकडे बघत उभं राहायचं. गार पाणी आत गेलं की रेडकू दचकतं, ढुशी मारतं, कातडी उचलते. ढुशी दिसली की मगच धार काढायची नाहीतर शेण भरायचं, पुढचं काम. ढुशी नाही दिसली तर त्याच पावली डॉक्टरला फोन. कुंदाबाईने हे कधी चुकवलं नव्हतं. सासूने शिकवलं होतं.

म्हशीने पाणी ओढलं. कुशीवरची काळी कातडी टेंगूळ आल्यासारखी वर आली आणि बसली.

"हाई एक," कुंदाबाई सवयीने पुटपुटली.

आणि बादली तिच्या हातातून निसटली.

ती घरात धावली. म्हणजे गुडघे धावू देतील तेवढी. माठातलं पाणी नको, तिने फ्रीजमधली बाटली काढली, त्यात साखर ढवळली, मयुरीला उठवून सगळी प्यायला लावली. "आते डावी कुशीवर पड. बोलू नको."

"आई, काय व्हयनं?"

"काही नही व्हयनं. पड."

तिने दोन्ही तळहात पोटावर पसरले. बाहेर लाउडस्पीकरवर काल्याचं कीर्तन सुरू झालं होतं. मृदंगाचा ठेका भिंतीतून आत येत होता आणि प्रत्येक ठेक्याला वाटायचं हललं, पण ते मृदंग होतं. कुंदाबाईने दार लावलं. खिडकी लावली. पुन्हा हात. घड्याळात काटा पाव तास सरकला. अर्धा तास. मयुरी छताकडे बघत होती, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात जात होतं आणि ती ते पुसत नव्हती.

पाऊण तास. पोट कोमट, घट्ट आणि गप्प.

"कधीपासून नही हाललं?"

"काल दुपारपासून, आई. मी सांगं व्हतं."

कुंदाबाईने सिस्टरला फोन लावला. रिंग गेली, गेली, गेली. कीर्तनात असणार, पिशवीत फोन. आणखी एकदा. मग तिने चोळीतलं पान मुठीत धरलं आणि अनवाणी निघाली.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन गावांची माणसं. सिस्टर बायकांत अगदी पुढे, डोळे मिटून टाळ्या वाजवत होती. कुंदाबाई बायकांच्या मांड्यांवरून, पोरांवरून पाय टाकत पुढे सरकू लागली. "काय वं, आंधळी शे का?" "बठी जाय ना खाले!" कोणीतरी पदर ओढला. तिने तो सोडवला नाही, तशीच पुढे गेली. सिस्टरच्या खांद्याला हात लावला.

"सिस्टर, हालत नही."

सिस्टरने डोळे उघडले. "कधीपासून? कागद?"

कुंदाबाईने मूठ उघडली. सिस्टरने चुरगळलेलं पान सरळ केलं. सकाळचे साडेदहा झाले होते आणि शनिवारच्या संध्याकाळच्या घरात चार काड्या होत्या.

"हे काय आहे?"

"काड्या मी मार्‍या." मृदंग थांबला होता की तिलाच ऐकू येईना, कोण जाणे. आपला आवाज तिला फार मोठा वाटला. "सोमवारन्या तेवढ्या खऱ्या. बाकी बठ्ठ्या मन्हा मनथीन. मी वावरमा व्हती."

वच्छलाबाई दोन हातांवर बसली होती. तिने तोंडाला पदर लावला.

सिस्टर उठली. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी तुमच्या काड्यांवर तारीख पुढे ढकलली," आणि चपला शोधायला न थांबता चालू पडली.

व्यासपीठावरून महाराजांनी हात वर केला. टाळ विरले. "वाट द्या रे त्या बायांना. काला थांबेल." निंबाआबा वीणा घेऊन उभे होते, सोडून जाता येईना, खाली ठेवता येईना. शेवटी एका टाळकऱ्याने पुढे होऊन त्यांच्या गळ्यातून ती आपल्या गळ्यात घेतली, तेव्हा आबा धावले.

घरी सिस्टरने यंत्र लावलं. खरखर. खरखर. टोक इकडे, तिकडे, खाली. कुंदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. मग सापडला आवाज. पण ते घोडं नव्हतं, दमलेलं जनावर चढ चढावं तसं. सिस्टर घड्याळाकडे बघत ओठांनी मोजत होती.

"एकशे चार. आहे. आहे अजून. गाडी?"

रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन केला तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, पाऊण तास लागेल म्हणाले. गावात गाडी एकच, समाधानची पिकअप, आणि तिच्यात महाप्रसादाची भांडी: वरणाचे दोन हंडे, बट्टीची टोपली, गंगाफळाच्या भाजीची कढई. समाधान म्हणाला, "काकी, हाई उतारता उतारता..." आणि पुढचं बोलला नाही, कारण आबांनी कढईच्या कड्याला हात घातला होता. दहा-बारा जण धावले. वरण सांडलं, कोणाच्या पायावर सांडलं, तो ओरडला, कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. गादी टाकली. मयुरीला डाव्या कुशीवर निजवलं. सिस्टर तिच्या पायाशी, कुंदाबाई उशाशी.

जळगावपर्यंतचा रस्ता खणून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला मयुरी ओठ चावायची, आणि कुंदाबाईला खड्डा हवासा वाटायचा. वाटायचं, या हिसक्याने तरी दचकेल. सिस्टर फोनवर दाब सांगत होती, आठवडे सांगत होती, "हालचाल चोवीस तास नाही" असं सांगत होती. ती आपल्याकडे बघेल म्हणून कुंदाबाई वाट बघत राहिली. तिने पाहिलं नाही.

दवाखान्यात मयुरीच्या पोटावर दोन पट्टे आवळले. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर येऊ लागली, तिच्यावर आपोआप रेघ. तिथल्या नर्सने मयुरीच्या हातात वायरीचं एक बटण दिलं. "बाळ हललेलं जाणवलं की दाबायचं. वीस मिनिटं. बोलायचं नाही."

सिस्टर डॉक्टरांकडे गेली. खोलीत दोघीच. मयुरीचा अंगठा बटणावर टेकलेला. रेघ सरकत होती, सरळ, वीतभर, मग हातभर. अंगठा हलला नाही.

कुंदाबाई त्या अंगठ्याकडे बघत होती. तिला उचंबळून येत होतं, की आपण पुढे व्हावं आणि त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबावं. एकदा. फक्त एकदा. कागदावर एक खूण उठली असती. मयुरीला धीर आला असता. तिचा उजवा हात स्टुलावरून उचललाही गेला. तिने तो मांडीखाली घातला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून बसली. हात बधिर झाला, मुंग्या आल्या. नाम घेत होती की नुसते ओठ हलत होते, तिचं तिला कळत नव्हतं.

डॉक्टर बाई आल्या. पट्टी उचलून हातांवरून ओढत पाहिली. "रेघ सपाट आहे. आत घ्या हिला. नवरा कुठे आहे?"

हितेंद्र जिनिंगमधून तसाच आला होता, केसांत कापसाचा भुगा. त्याने सही केली. आईला म्हणाला, "माय, तू तं घर व्हतीस ना?" आणि उत्तराची वाट न बघता स्ट्रेचरमागे गेला.

मग दार बंद.

दीड तासाने मयुरीला बाहेर आणलं. अंगाला कापरं, ओठ पांढरे, पण डोळे उघडे. मुलगी होती. एक किलो सहाशे. कपड्यात गुंडाळून कोणीतरी मयुरीच्या डोक्यावरून धावत नेली होती, दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. हितेंद्र मागे धावला होता. सिस्टर औषधाच्या चिठ्ठीसाठी रांगेत होती.

मयुरीने मान वळवली. चार दिवसांत पहिल्यांदा सासूकडे सरळ पाहिलं.

"आई, रडनी का ती? माले ऐकू उनं नही."

'हो' हा शब्द कुंदाबाईच्या जिभेवर आलेला होता. इतका सोपा, इतका गोड. आजारी माणसाला कोणीही दिला असता. लेकराच्या आईला तर दगडानेही दिला असता.

"माले माहीत नही," ती म्हणाली. "ईचारीसन येस."

जिन्याच्या बत्तीस पायऱ्या तिच्या गुडघ्यांनी मोजल्या. वरच्या दारावरच्या माणसाने अडवलं, "आत फक्त आई." "आई खाले शे, तिना पोटले टाके शेतस. तीच ईचारस," ती म्हणाली. त्याने बसायला सांगितलं. ती बसली नाही. बसलं तर विचारायचं राहील. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याला तिने तेच विचारलं. एकीने हात उडवला. दुसरी म्हणाली, नंतर. तिसरी, वयाने मोठी, थांबली. "कोणती? पिकअपमधून आलेली? रडली, आजी. पण उशिरा. तिला आधी श्वास द्यावा लागला."

"कितला उशीर?"

"दोन-तीन मिनिटं."

"आते?"

"आत्ता मशीनवर आहे. तीन दिवस काही सांगता येणार नाही."

कुंदाबाईने ते शब्द तोंडात घोळवत, एकही सांडू न देता खाली आणले. खाटेपाशी आली. मयुरी दाराकडेच बघत होती.

"रडनी," कुंदाबाई म्हणाली. "पण लगेच नही. दोन-तीन मिनिटं उशीर करीसन. आधी तिले श्वास द्यावा लागना. आते मशीनवर शे. तीन दिन काहीच सांगता येत नही, असं म्हनतस."

पलीकडच्या खाटेवर कोणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडत होतं आणि घरची माणसं हसत होती.

"पुन्हा सांगा," मयुरी म्हणाली.

कुंदाबाईने पुन्हा सांगितलं. तेवढंच. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.